रात्रीचे जॉब चालले की नाही, हे एका ठिकाणी कसं बघता?

महापेकरीण · सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे, कस्टम्स क्लिअरन्सचं. जेएनपीटीत उतरलेल्या कंटेनरची कागदपत्रं, बिलं, ट्रकवाल्यांचा हिशोब वगैरे. पूर्वी हाताने करायची बरीच कामं आता रात्री आपोआप होतात, त्यांनाच आम्ही जॉब म्हणतो. अडचण एवढीच की ती एका माणसाने एका बैठकीत लावलेली नाहीत. डेटाबेसचा बॅकअप लिनक्स सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवायची सोय) चालतो. रिपोर्ट तयार करणं कोड ठेवायच्या साइटवरच्या ऑटोमेशनमध्ये, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये आहे. ग्राहकांना बिलं आणि स्टेटस मेल करणं एनएटएन (n8n) या कामं जोडणाऱ्या टूलमध्ये. शिवाय अकाउंट्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये आपापलं काहीतरी जुळवलंय, त्याला बाहेरच्याने हात लावलेला त्यांना चालत नाही. ज्याने यातलं निम्मं उभं केलं तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला.

साहेब सकाळी आल्या आल्या विचारतात, "रात्रीचं झालं ना सगळं?" मग मी चार खिडक्या उघडते, प्रत्येक ठिकाणी वेगळं लॉगिन, वेगळी यादी, वेगळी घड्याळं. उत्तर द्यायला अर्धा तास जातो, आणि तरी ते छातीठोक नसतंच.

कोणत्या जॉबचं काय झालं, कधी सुरू झाला, कधी संपला, नापास झाला तर कुठे, हे सगळं एका पानावर दाखवणारं काही वापरता का? फुकट किंवा स्वस्त असेल तर उत्तम. आणि ते अकाउंट्सच्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.

घोडबंदरी · सोमवार, रात्री १०:३१

अर्ध्या तासात मी मानपाड्याहून माजिवड्याला पोचत नाही, तुम्ही चार सिस्टिम तपासता. तक्रार कसली करताय! वाचतोय, चालू द्या.

वागळे_इस्टेट · सोमवार, रात्री १०:४४

एक्सेल. रोज सकाळी एक ओळ भरायची. विषय संपला.

महापेकरीण · सोमवार, रात्री १०:५०

@वागळे_इस्टेट, पण ती ओळ भरणार कोण? मीच! मी गणपतीला गावी गेले की इतिहासही गावी.

रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ३:१०

रबाळ्याला ड्यूटीवर आहे, आज शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, टूल शोधायच्या आधी तुमच्याकडे आत्ता काय साठतंय आणि किती दिवस टिकतंय ते बघा. क्रॉनकडे इतिहास असा नसतोच. अमुक वाजता अमुक कमांड सुरू केली, एवढी एक ओळ सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पडते. ती कमांड पुढे तडीस गेली का, किती वेळ चालली, मधेच मेली का, हे तो सहसा लिहून ठेवत नाही. कमांडने काही छापलं तर ते मेल करायची त्याची जुनी रीत आहे, पण हल्लीच्या सर्व्हरवर मेलची सोयच नसते, त्यामुळे ते कुठेच पोचत नाही. बॅकअप लिनक्समधल्याच सिस्टिमडीच्या टायमरवर हलवलात तर निदान मागचा रन कधी झाला, पुढचा कधी आहे, हे एका कमांडमध्ये दिसतं आणि कोणत्या कोडने संपला ते त्याच्या जर्नल नावाच्या लॉगमध्ये राहतं. त्यातच 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं तर सर्व्हर बंद असताना हुकलेला जॉब सर्व्हर परत आल्यावर चालतो. हे क्रॉन स्वतःहून करत नाही.

गिटहब अ‍ॅक्शन्सचे लॉग मूळ सेटिंगला ९० दिवस राहतात. रेपो (कोडचा साठा) प्रायव्हेट असेल तर ते ४०० दिवसांपर्यंत वाढवता येतं. एनएटएन तुम्ही स्वतः बसवलं असेल तर काही बदललं नसताना ३३६ तास, म्हणजे १४ दिवस झाले की जुनी एक्झिक्युशन्स, म्हणजे रनच्या नोंदी, झाडून टाकतं. पॉवर ऑटोमेटचा रन इतिहास २८ दिवसांचा.

आता समजा एखादी पार्टी म्हणाली, "दीड महिन्यापूर्वीचं बिल आम्हाला मेलवर आलंच नाही." रिपोर्ट तयार झाला होता हे गिटहब सांगेल. मेल गेला का, हे ज्याला माहीत असायला हवं त्या एनएटएनची पाटी कोरी.

धोपटमार्ग · मंगळवार, सकाळी ८:०५

इतक्या ठिकाणी विखुरलंय हाच खरा रोग आहे. इतिहास बघायचं वेगळं टूल कशाला? सगळे जॉब एअरफ्लोवर, म्हणजे जॉब लावायच्या आणि चालवायच्या टूलवर, आणा. एअरबीएनबीत २०१४ साली सुरू झालेला प्रकल्प, २०१९ पासून अपाचेचा पूर्ण दर्जाचा, मुक्त स्रोत, एक रुपया लागत नाही. त्यातला ग्रिड एकदा बघाच. उभ्या रांगा म्हणजे रन, आडव्या ओळी म्हणजे त्यातल्या पायऱ्या, प्रत्येक चौकोनाला रंग. महिन्याभराचं चित्र एका नजरेत. कुठल्या पायरीवर वारंवार लाल होतंय ते डोळ्यांना आपोआप दिसतं. चौकोनावर क्लिक केलं की त्याच पायरीचा लॉग. यापेक्षा चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

कांदेपोहे · मंगळवार, सकाळी ९:२०

ग्रिड देखणा आहे, मान्य. पण ताईंच्या ऑफिसात एअरफ्लो सांभाळणार कोण? शेड्युलर, वेब सर्व्हर, त्याचा स्वतःचा डेटाबेस, वर आवृत्ती बदलताना होणारी ओढाताण. चार जॉब बघायला पाचवा असा उभा करायचा की ज्याच्यावरच कोणीतरी लक्ष ठेवायला हवं!

आणि त्याच्या तारखा तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. दुसऱ्या पिढीच्या एअरफ्लोपर्यंत रोजच्या जॉबला १० तारखेचा शिक्का असेल तर तो प्रत्यक्षात १० तारीख संपल्यावर चालतो, कारण शिक्का डेटाच्या दिवसाचा. अकाउंट्सच्या माणसाला हे समजावून दाखवा, मी ऐरोली स्टेशनबाहेर चहा पाजतो. शिवाय जुन्या तारखेपासून जॉब लावला की मधले राहिलेले सगळे रन एका दमात पळवायचे, हे २०२५ मध्ये तिसरी पिढी येईपर्यंत मूळ सेटिंगमध्येच होतं. बिलांचे मेल पाठवणारा जॉब असेल तर कल्पना करा.

धोपटमार्ग · मंगळवार, सकाळी ९:३२

'कॅचअप', म्हणजे राहिलेले रन पळवणं, बंद करायला एक ओळ लागते. लोक कागदपत्रं वाचत नाहीत आणि टूलला नावं ठेवतात.

कांदेपोहे · मंगळवार, सकाळी ९:३५

लोक कागदपत्रं वाचत नाहीत हे गृहीत धरूनच टूल निवडायचं असतं.

जुना_जेन्किन्सी · मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कोणी जेन्किन्सचं, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या जुन्या टूलचं, नावच काढलं नाही? क्रॉनची कामं उचलून जेन्किन्समध्ये टाकली की इतिहास फुकटात मिळतो. डावीकडे रनची यादी, प्रत्येकाचा क्रमांक, लागलेला वेळ, पूर्ण कन्सोल. 'जुने बिल्ड टाकून द्या' (बिल्ड म्हणजे तिथला रन) ही सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर डिस्क भरते आणि मग सगळंच लाल होतं.

गंमत म्हणजे जेन्किन्समध्ये यशस्वी रनचा गोळा कित्येक वर्षं निळा असायचा. बनवणारे कोहसुके कावागुची जपानी, आणि तिकडे सिग्नलच्या 'जा' दिव्याला निळाच म्हणतात. लोक हिरवे गोळे दाखवणारं वेगळं प्लगइन बसवायचे. २०११ मध्ये ओरॅकलशी नावावरून वाजलं तेव्हा हडसन हे मूळ नाव बदलून जेन्किन्स झालं, गोळे मात्र त्यानंतरही बराच काळ निळेच होते. आमच्याकडे एक मॅनेजर निळा म्हणजे 'अजून चालू आहे' असं समजून रोज फोन करायचे.

जॉबपुढे सूर्य, ढग, पाऊसही दिसतो, शेवटच्या ५ बिल्डवरून. अकाउंट्सवाल्यांना ते बरोबर कळतं.

घोडबंदरी · मंगळवार, दुपारी १:२२

जुलैत ठाण्यात बसून ते चिन्ह बघितलं तर हवामान खात्याचं वाटेल.

ट्रान्सहार्बर_त्रस्त · मंगळवार, संध्याकाळी ७:४०

वाशीहून ठाण्याला जाता जाता उभ्याने टाइप करतोय, चुका पोटात घाला.

सगळेजण झालेल्या रनबद्दल बोलताय. न झालेल्या रनचं काय? स्टेशनवरचा इंडिकेटर येणाऱ्या गाड्या दाखवतो, पण जी गाडी वेळापत्रकात आहे आणि यार्डातून सुटलीच नाही तिची ओळ त्यावर कधी उमटतच नाही. इतिहास दाखवणाऱ्या प्रत्येक टूलचं तेच. सर्व्हर रात्री बंद पडला, क्रॉनची ओळ कोणीतरी पुसली, लॉगिनचं टोकन संपलं, तर यादीत लाल काही दिसत नाही. यादी फक्त एका ओळीने लहान असते. आणि माणसाला नसलेली ओळ दिसत नाही.

गिटहबचा हा नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर वेळेवर लावलेले वर्कफ्लो आपोआप बंद होतात. तसंच गर्दीच्या वेळी, विशेषतः तासाच्या ठोक्याला लावलेले रन उशिराने सुटू शकतात, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणून ०० मिनिटाऐवजी १७ किंवा ४३ अशी अडनिडी मिनिटं द्यावीत.

यावर उपाय उलट्या बाजूने करायचा. हेल्थचेक्स नावाची मुक्त स्रोत सेवा आहे. जॉब नीट संपला की शेवटच्या ओळीत तो एक वेब पत्ता ठोठावतो. ठरलेल्या वेळेत, वर थोडी सवलत देऊनही, ठोठावलं नाही तर ती तुम्हाला बोंब मारून सांगते. गप्प बसणं हाच इशारा.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११:५५

+१. आणि हे ठोठावणं ऐकणारा त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर गेला तर दोघंही जातील.

गाळेवाला · बुधवार, पहाटे ५:५०

मी तांत्रिक माणूस नाही, वाशीच्या भाजी मार्केटात गाळा आहे. मुलाने असं काहीतरी बसवून दिलंय की पहाटे भाव भरले की हॉटेलवाल्यांना, किरकोळ विक्रेत्यांना आपोआप मेसेज जातात. हा धागा मुलाने वाचायला दिला. तुमचे गोळे, चौकोन, ग्रिड मला नकोत. मेसेज गेला असेल तर मला काही सांगू नका. नाही गेला तर फोन वाजला पाहिजे. इतिहास बघत बसायला वेळ कोणाला आहे?

कांदेपोहे · बुधवार, सकाळी ९:०५

@गाळेवाला काका, शंभर टक्के. पण एक विचारतो. तीन आठवड्यांनी एखादा हॉटेलवाला म्हणाला की तुम्ही त्या दिवशी टोमॅटोचा भाव कमी कळवला होता, मी त्याच भावाने पैसे देणार, तर काय दाखवाल?

गाळेवाला · बुधवार, दुपारी २:१०

असं झालंय. त्याने मोबाइल काढून दाखवला, माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आवंढा गिळून गप्प बसलो. ठीक आहे, तेवढ्यासाठी लागतो तुमचा इतिहास.

तुर्भेकर_मीटरवाला · बुधवार, दुपारी ३:३०

सगळे हिरव्यावर विश्वास ठेवून बोलताय याचं नवल वाटतं. मी बाहेरच्या कंपन्यांच्या सिस्टिम तपासतो. एका ठिकाणी बॅकअपचा जॉब कित्येक महिने रोज हिरवा होता. फाइल उघडली तर आकार २० बाइट. डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, डेटाची प्रत (डंप) काढणारी कमांड तिथेच आपटायची. पण तिचं आउटपुट पाइपमधून जीझिपला, म्हणजे फाइल आकसवणाऱ्या कमांडला, जायचं, आणि शेलला पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल दिसतो. जीझिपला रिकामं दिलं तरी तो बिनतक्रार २० बाइटची शुद्ध फाइल बनवतो. जीझिप पास, म्हणून जॉब पास.

बॅश स्क्रिप्टमध्ये वरच पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड नापास तर सगळं नापास) चालू करा, ही झाली डागडुजी. खरी गोष्ट अशी की इतिहासात हिरव्या खुणेशेजारी एक आकडा हवा. किती ओळी वाचल्या, किती मेल गेले, फाइल किती मोठी झाली. रोज साधारण तेवढाच आकडा येतो आणि आज शून्य आला तर तो माणसाला खटकतो. खूण कधीच खटकत नाही. ताईंच्या साहेबांना 'झालं' नको, 'किती झालं' हवं.

एअरफ्लो असो, जेन्किन्स असो, हा आकडा कोणीही तुम्हाला आयता देणार नाही. तो जॉबनेच सांगायला हवा.

जुना_जेन्किन्सी · बुधवार, दुपारी ४:००

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

बेलापुरी · बुधवार, रात्री ९:१५

माझं काम कंप्लायन्सचं, त्यामुळे कंटाळवाणा मुद्दा मांडते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. माहिती-तंत्रज्ञान सिस्टिमचे लॉग चालू ठेवायचे, सलग १८० दिवसांचे जपायचे आणि ते भारताच्या हद्दीत ठेवायचे. सायबर घटना घडली तर कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. आता वर रात्रपाळींनी दिलेले मुक्काम बघा: १४ दिवस, २८ दिवस, ९० दिवस. मूळ सेटिंगला एकही १८० ला पोचत नाही. तुमचा इतिहास टूलच्या भरवशावर सोडू नका, स्वतःकडे उतरवून घ्या.

दुसरी बाजूही आहे. एनएटएन प्रत्येक पायरीतून गेलेला डेटा जसाच्या तसा साठवतं. म्हणजे ग्राहकांचे मोबाइल नंबर, बिलाच्या रकमा सगळं त्या एक्झिक्युशनच्या पानावर उघडं. ते पान आख्ख्या ऑफिसला दाखवणार का? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. एकत्रित पानावर फक्त नाव, वेळ, निकाल, आकडा ठेवा. आतला माल ज्याचा त्याच्याकडे.

धोपटमार्ग · बुधवार, रात्री ९:४०

बिल मेल करणाऱ्या जॉबचा रन इतिहास म्हणजे 'सिस्टिम लॉग' आहे का, यावरच वाद होऊ शकतो. निर्देश सुरक्षेच्या घटनांसाठी आहेत.

बेलापुरी · बुधवार, रात्री ९:५२

वाद होऊ शकतो. ऑडिटर समोर बसलेला असताना तो वाद घालायची हौस मला नाही. डिस्क स्वस्त आहे.

ट्रान्सहार्बर_त्रस्त · गुरुवार, सकाळी ८:५०

ताईंनी 'वेगळी घड्याळं' म्हटलं होतं, त्याकडे कोणी पाहिलंच नाही. अर्धी डोकेदुखी तिथे आहे. गिटहबचं वेळापत्रक मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं. आपण साडेपाच तास पुढे. तिथे रात्री १२ लिहिलं की इथे पहाटे ५:३० ला चालतं. इथल्या मध्यरात्रीला हवं असेल तर १८:३० लिहावं लागतं, आणि मग वार बदलतो. सोमवार उजाडतानाचा जॉब यूटीसीत रविवारचा. महिन्याच्या १ तारखेच्या मध्यरात्रीचा जॉब तर आणखी वाईट, कारण तो यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडतो, आणि साध्या क्रॉनला 'महिन्याचा शेवटचा दिवस' सांगताच येत नाही. सरळ सकाळी ६ नंतर लावा, वाद मिटतो.

एनएटएन त्याहून पुढे. स्वतः बसवलेल्याचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्क असतो. तिथे उन्हाळ्यात घड्याळ सरकतं, त्यामुळे काही न करता तुमचा जॉब वर्षातून दोनदा एक तास इकडे तिकडे होतो. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता टाकलंय का ते आजच बघा.

महापेकरीण · गुरुवार, सकाळी १०:१०

@ट्रान्सहार्बर_त्रस्त, आत्ता पाहिलं. न्यूयॉर्क!! मार्चमध्ये आमचे मेल अचानक तासभर आधी जायला लागले होते, आणि मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता की त्याने काही केलेलं नाही. खरं बोलत होता बिचारा.

घोडबंदरी · गुरुवार, सकाळी १०:१८

म्हणजे महाप्यातली बिलं न्यूयॉर्कच्या ऋतुमानानुसार निघत होती. आंतरराष्ट्रीय फर्म म्हणायला हरकत नाही.

कांदेपोहे · गुरुवार, दुपारी १२:३०

लाल झालेला रन 'पुन्हा चालवा' या बटणाबद्दल कोणीतरी बोलायला हवं, कारण एका पानावर सगळं आलं की ते बटण सगळ्यांच्या हाताशी येतं. बिल मेल करणारा जॉब शंभरातल्या साठाव्या मेलला पडला. तुम्ही पुन्हा चालवलात. पहिल्या ५९ जणांना दुसऱ्यांदा बिल. कस्टम्सच्या कामात त्यातला एखादा दोनदा पैसेही भरेल आणि मग परताव्याची पत्रं लिहीत बसा. जॉबने कोणाला पाठवलं याची खूण स्वतः ठेवली पाहिजे, मगच ते बटण सुरक्षित.

आणि कुठली आवृत्ती परत चालते तेही बघा. गिटहब जुन्याच कमिटवर चालवतं, म्हणजे तुम्ही दुरुस्ती टाकली तरी पुन्हा चालवलेला रन जुनाच कोड घेतो. शिवाय ते बटण पहिल्या रनपासून ३० दिवसच. एनएटएन विचारतं की मूळ वर्कफ्लोने चालवू की आत्ता सेव्ह असलेल्याने. घाईत कोणीही वरचा पर्याय दाबतो.

वागळे_इस्टेट · गुरुवार, दुपारी १:०५

अकाउंट्सच्या माणसाला ते बटण देऊ नका. द्यायचंच असेल तर मेल सर्व्हर आधी बंद करून द्या.

जुना_जेन्किन्सी · गुरुवार, दुपारी १:४०

आणि कृपा करून यशस्वी रनचे मेल पाठवू नका. रोज सकाळी 'सर्व काही ठीक' असे ढीगभर मेल आले की आठवड्यात लोक ते वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवणारा नियम लावतात. मग ज्या दिवशी नापासाचा मेल येतो तोही त्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतो.

मामलेदारची मिसळ खायला चाललोय. कोणी ठाण्यात असेल तर या, पण जेन्किन्सला नावं ठेवणार नाही या अटीवर.

धोपटमार्ग · गुरुवार, दुपारी १:४४

मध्यम तिखट असेल तर येतो.

जुना_जेन्किन्सी · गुरुवार, दुपारी १:४६

एअरफ्लोवाल्यांना मध्यमच झेपतं.

महापेकरीण · रविवार, रात्री ८:३०

मिसळीवरून परत मूळ विषयावर आणते. सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

नवं मोठं टूल आणलं नाही. आमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेस आहेच, त्यात दोन टेबलं केली. पहिल्यात फक्त अपेक्षा: कोणता जॉब, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत संपलेला असायला हवा, आणि आकडा साधारण किती ते किती. दुसऱ्यात घडलेलं. प्रत्येक जॉब सुरू होताना एक ओळ टाकतो, संपताना तीच ओळ पूर्ण करतो: वेळ, निकाल, आकडा, आणि मूळ लॉगची लिंक. सुरू आहे पण संपल्याची वेळ नाही, म्हणजे मधेच मेला. अपेक्षेत आहे पण घडलेल्यात ओळच नाही, म्हणजे चाललाच नाही. @ट्रान्सहार्बर_त्रस्त, यार्डातली गाडी आता दिसते.

वर ग्राफानात (आकडे पानावर दाखवणारं टूल) एक पान. ठिकठाक असलेले जॉब खाली, गडबड असलेले वर. बटण नाही, आतला डेटा नाही, फक्त लिंक. ज्याच्याकडे मूळ टूलचं लॉगिन आहे त्यालाच पुढचं दिसेल. ओळी आम्ही पुसणार नाही, त्यामुळे १८० दिवसांचा प्रश्न निदान या नोंदींपुरता मिटला. मूळ लॉग आठवड्याला उतरवून ठेवायचं काम अजून व्हायचंय. आणि हेल्थचेक्सला फक्त दोन पत्ते दिलेत, बॅकअपचा आणि मेलचा. बाकीचे थांबू शकतात.

पॉवर ऑटोमेटमध्ये हात घालायला अकाउंट्सने नकारच दिला. शेवटी तह झाला तो असा: त्यांचा फ्लो शेवटच्या पायरीत शेअर केलेल्या एका एक्सेलमध्ये ओळ टाकतो, आणि माझी स्क्रिप्ट ती तिथून उचलते.

वागळे_इस्टेट · रविवार, रात्री ८:३३

एक्सेल!!!

तुर्भेकर_मीटरवाला · रविवार, रात्री ९:०५

चांगलं जमलंय. 'साधारण किती ते किती' हा रकाना बघून बरं वाटलं. रविवार आणि सणांचे आकडे वेगळे ठेवा, नाहीतर दिवाळीत शून्य बिलं निघाली म्हणून पान लाल होईल आणि लोकांचा त्यावरचा विश्वास उडेल.

धोपटमार्ग · रविवार, रात्री ९:२०

म्हणजे तुम्ही हाताने छोटा एअरफ्लो बांधलात. जॉब वाढले की परत याल. एका जॉबचं काम संपल्यावरच दुसरा सुरू व्हायला हवा, अशी साखळी आली की दोन टेबलांत भागत नाही.

महापेकरीण · रविवार, रात्री ९:२८

रिपोर्ट तयार झाल्यावर मेल, एवढी एकच साखळी आहे आमच्याकडे. ती वाढली तर नक्की येईन, भांडायला नाही, शिकायला.

रात्रपाळी · सोमवार, रात्री १२:४०

एक किडा. रात्री ११:५० ला सुरू होऊन १२:२० ला संपणारा जॉब कोणत्या तारखेत मोजताय? वेळा यूटीसीत साठवा, पानावर दाखवताना भारतीय करा, आणि तारीख मात्र जॉबने स्वतः वेगळ्या रकान्यात लिहावी की हे कोणत्या दिवसाचं काम आहे. वेळेवरून तारीख काढत बसलात तर महिनाअखेरीला अकाउंट्सशी भांडण ठरलेलं.

कांदेपोहे · सोमवार, सकाळी ९:१०

हा जो वेगळा रकाना सांगितलात तोच एअरफ्लोचा शिक्का, ज्याला मी वर नावं ठेवली. @धोपटमार्ग, हसू नका.

धोपटमार्ग · सोमवार, सकाळी ९:११

चहा. ऐरोली स्टेशनबाहेर. विसरलो नाही.

गाळेवाला · सोमवार, दुपारी २:३०

मुलगा म्हणतो तो ठोठावणारा प्रकार बसवून देतो, पण वेळ किती ठेवायची विचारतोय. काय सांगू?

महापेकरीण · सोमवार, दुपारी २:४१

काका, भाव किती वाजेपर्यंत गेलेच पाहिजेत?

गाळेवाला · सोमवार, दुपारी ३:०५

पावणेपाच. त्यानंतर हॉटेलवाले दुसऱ्या गाळ्यावर फोन लावतात.

महापेकरीण · सोमवार, दुपारी ३:१२

मग मुलाला सांगा, मुदत सव्वाचारची ठेव. फोन वाजल्यावर हाताने मेसेज टाकायला तुम्हाला अर्धा तास मिळेल. आणि तो फोन तुमचा वाजू दे, त्याचा नाही. त्या वेळी तो झोपलेला असणार.